तारेच्या पोटातला रोध

मराठीत ‘तार’ हा शब्द दोन अर्थांनी नांदला. खांबावरून जाते ती तार आणि घरी येते तीही तार. ‘तार आली’ एवढे दोन शब्द दारातून ऐकू आले की घरातल्या बायका आधी डोळ्याला पदर लावीत आणि कोणाची, ते मागाहून विचारीत. ही घरी येणारी तार २०१३ सालच्या जुलैत बंद झाली. खांबावरची मात्र वाढतच गेली. आमच्या गोंदिया जिल्ह्यात तर तिची थोरली आणि धाकटी पाती एकाच बांधीत उभे राहून पाहावयास मिळते. तिरोड्याच्या बाजूला वर पाहावे, तो लोखंडी मनोऱ्यांच्या खांद्यांवरून ७६५ हजार व्होल्ट दाबाच्या तारा पश्चिमेकडे निघालेल्या दिसतात. खाली पाहावे, तो वाकड्या खांबांवरून लोंबकळत आलेली, करंगळीहूनही बारीक तार दिसते आणि तिच्या शेवटी नुसती गुरगुरणारी, पाणी न उचलणारी मोटर. वीज आमच्याच डोक्यावरून जाते, मग आमच्या मोटरीला ती का पुरत नाही, हा प्रश्न येथला शेतकरी नेहमी विचारतो. त्याचे उत्तर कोणी राजकारणात शोधतो, कोणी खात्याच्या कारभारात. तेथे ते थोडेफार सापडतही असेल. परंतु त्याचा मोठा हिस्सा तारेच्या पोटात आहे, आणि तेथवर पोचावयास माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आरंभ एका शाळामास्तरापासून करावा लागतो, आणि मास्तरकी करणाऱ्याला त्याचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी तो गोड मानून घ्यावा. जर्मनीतील कोलोन शहरी गेओर्ग सिमोन ओम हा गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असे. त्या काळी विजेचे घट लहरी असत. सकाळी जोर, दुपारी मरगळ. असल्या उगमावर तारांची परीक्षा कशी घ्यावी? ओमने युक्ती काढली. बिस्मथ आणि तांबे यांचे दोन सांधे करून त्याने एक उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. असे केले की लहानसा पण अढळ प्रवाह मिळतो. त्याच्या जोरावर त्याने निरनिराळ्या धातूंच्या, लांबीच्या आणि जाडीच्या तारा तपासल्या आणि १८२७ साली आपला ग्रंथ छापला. तार दुप्पट लांब केली की रोध दुप्पट, आणि तिचा छेद दुप्पट केला की रोध निम्मा, हे त्याच्या सांगण्याचे सार. कौतुक व्हावयास बराच वेळ गेला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली पदक दिले, म्युनिचला पूर्ण प्राध्यापकपद १८५२ साली मिळाले आणि १८५४ साली तो वारला.

पाटाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या माणसाला ओमचा नियम निराळा शिकवावा लागत नाही. पाट रुंद असला की पाणी मोकळे जाते, लांब असला की शेवटच्या बांधीपर्यंत पोचता पोचता थकते. पण ही बरोबरी थोडक्यात संपते. पाटाचे पाणी दुपारी उन्हामुळे अडत नाही. तारेतली वीज अडते. धातूची तार तापली की तिचा रोध वाढतो, हे हम्फ्री डेव्हीने ओमच्याही आधी, १८२१ साली, दाखवून दिले होते. त्या वेळी ही एक प्रयोगशाळेतली गंमत वाटली असेल. मे महिन्यातल्या गोंदियात ती गंमत राहत नाही.

हिंदुस्थानात तारेचा प्रश्न व्यवहाराच्या रूपाने उभा राहिला तो कलकत्त्यास. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा कंपनी सरकारच्या नोकरीतला डॉक्टर, तेथल्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे. १८३९ साली त्याने स्वतःच्या हिकमतीने प्रयोगाची तारायंत्राची लाइन उभारली, आणि १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही खरी लाइन सुरू केली. विलायतेत नाजूक तारा वापरीत. या गृहस्थाने घेतली ती तीन अष्टमांश इंच जाडीची लोखंडी सळई! लोक हसले असतील. पण त्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. लोखंडाची वाहकता तांब्याच्या सुमारे एक षष्ठांश. तेव्हा लोखंडाचा छेद सहापट घेतला, म्हणजे व्यास अडीचपटीच्या आतबाहेर ठेवला, की रोध तांब्याएवढाच भरतो. शिवाय अशा सळईवर वानरांची टोळी बसो, घारी-कावळे बसोत की वादळ येवो, ती तुटत नाही. येथल्या वानरांचा आणि येथल्या वाऱ्याचा विचार करून धातू निवडणारा हा पहिला माणूस. पुढे डलहौसीच्या पाठबळाने कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारांनी जोडली गेली आणि १८५५च्या फेब्रुवारीत हे तारायंत्र रयतेला खुले झाले.

इकडे लोखंडावर भागत होते. पण समुद्राच्या तळाशी टाकावयाच्या तारेला तांब्यावाचून गत्यंतर नव्हते. तेथेच तांब्याचे खरे रूप उघडे पडले. अटलांटिक महासागरातली १८५८ सालची तार महिनाभरही जगली नाही. तिच्या मरणाची कारणे अनेक होती. तिच्यावर भलताच दाब सोडण्यात आला, हे एक मोठे. पण तिच्यासाठी काम करणाऱ्या विल्यम टॉमसनच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनच्या, हाती १८५७ सालीच एक निराळी गोष्ट लागली होती. बाजारात तांबे म्हणून विकल्या जाणाऱ्या, दिसावयास एकसारख्या, जाडीने एकसारख्या तारा त्याने मोजल्या, तो त्यांच्या वाहकतेत जवळजवळ दुपटीचा फरक! व्यापाऱ्याने फसवले नव्हते. व्यापाऱ्यालाच ठाऊक नव्हते. तांबे म्हणजे तांबे, अशीच सर्वांची समजूत होती.

हे कोडे लंडनच्या ऑगस्टस मॅथिसन या रसायनज्ञाने सोडवले. देशोदेशीचे तांबे आणून त्याने तपासले. स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या तांब्याची वाहकता शुद्ध तांब्याच्या सातव्या हिश्शाएवढीच निघाली. त्यात सोमल मिसळलेला होता. १८६०नंतरच्या पाच-सहा वर्षांत मॅथिसनने जो नियम बसवला तो आजही मोडलेला नाही, फार तर कोठे कोठे वाकवावा लागला आहे: धातूच्या रोधाचे दोन वाटे असतात. एक वाटा उष्णतेचा, तो ऊन-थंडीप्रमाणे चढतो-उतरतो. दुसरा वाटा भेसळीचा, तो बाराही महिने तसाच राहतो.

या नियमाचा पुरावा आमच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या ठोकला जात आहे. भंडारा हे पितळेचे गाव. १९९९च्या १ मेपर्यंत गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होता, तेव्हा ते आमचेच म्हणावयास हरकत नाही. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते. ते अधिक कठीण आणि सोन्यासारखे पिवळे होते, घंगाळ आणि गुंडी त्याची सुरेख होते. पण वीज नेण्याची त्याची शक्ती मात्र तांब्याच्या जवळजवळ पाव हिश्शावर येते. गंमत अशी की जस्त स्वतः पितळेइतकेच चांगले वाहक आहे. मग चांगल्यात मध्यम मिसळले तर निकाल दोहोंच्या मधोमध यावा! तसा तो येत नाही, कारण अडथळा जस्ताचा नसून मिसळण्याचा असतो. प्लगाच्या खुंट्या पितळेच्या चालतात, कारण त्या बोटभर असतात. पितळेची तार ओढून गावोगाव वीज नेण्याचा विचार कोणी करणार नाही.

असे का व्हावे, हे विसाव्या शतकात उलगडले. १९०० साली पाउल ड्रूडेने धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांची कल्पना मांडली. १९२८ साली फेलिक्स ब्लॉखने गणिताने दाखवले की अणूंची रांग बिनचूक असेल तर इलेक्ट्रॉन तिच्यातून बिनअडथळा निघून जातो. दोरी धरून रोवणी केलेली बांधी डोळ्यांपुढे आणावी. ओळी सरळ असल्या की माणूस मधून सहज चालतो. मध्येच भलतीच रोपटी उगवली की पाय अडतो, ही भेसळ. आणि वारा सुटून सगळे धान डोलू लागले की सरळ ओळही सरळ राहत नाही, ही उष्णता. थंडी वाढवत नेली तर हे डोलणे थांबते. १९११ साली हॉलंडमधल्या कामर्लिंग ओनेसने पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा रोध कमी होण्याऐवजी एकदम नाहीसाच झाला. तो प्रकार वेगळा आणि त्याची मीमांसाही वेगळी. येथे त्यात शिरण्याचे कारण नाही, कारण गोंदियातली कोणतीही तार इतकी थंड होण्याचा संभव नाही.

एकाच पदार्थात दिशेप्रमाणेही वाहकता बदलते, हे मात्र सांगितले पाहिजे. पेन्सिलीतले शिसे म्हणजे खरे पाहता ग्रॅफाइट. त्याचे पत्र्यासारखे थर असतात. थरांच्या अंगाने वीज सहज धावते, थर ओलांडताना कुचंबते. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजरुकच्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलांसाठी जाते, आणि तेथे हीच अडचण दुसऱ्या रूपाने येते. ते खनिज सेलात काम उत्तम करते, पण वाहक म्हणून दुबळे आहे. म्हणून त्यात कार्बनची काळी भुकटी कालवावी लागते. टॉर्चचा जुना सेल फोडून ज्यांनी लहानपणी हात काळे केले असतील, त्यांनी हे दोन्ही पदार्थ हाताळले आहेत.

आता मोठ्या तारेकडे वळू. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल उभारली, तेव्हा यंत्रे चालवावयाची तर कोळसा गाडीतून यंत्रापाशी आणावा लागे. शक्ती एका जागी आणि गिरणी दुसऱ्या जागी, ही गोष्टच तेव्हा शक्य नव्हती. ती शक्य झाली खोपोलीस. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून, खोपोलीस वीज करून, ती मुंबईच्या गिरण्यांना देण्याची ही योजना. स्वतः जमशेटजी १९०४ सालीच गेले आणि वीज मुंबईस पोचली १९१५च्या फेब्रुवारीत. ती एक लाख व्होल्ट दाबाने नेण्यात आली. एवढा दाब कशाला? कारण ज्यूलने १८४०-४१ साली मोजून ठेवले होते की तारेत फुकट जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. प्रवाह दुप्पट तर नासाडी चौपट. तेवढीच शक्ती दुप्पट दाबाने पाठवली की प्रवाह निम्मा लागतो आणि नासाडी चौथ्या हिश्शावर येते. तारेचा रोध काही केल्या शून्य होत नाही. म्हणून त्याला तोंड देण्याऐवजी त्याला वळसा घालावयाचा, हीच सारी विद्या.

हा धडा ज्यांनी अर्धवट घेतला त्यांना पुढे किंमत मोजावी लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टांवर. त्या काळच्या मोटरींना तेच सोयीचे होते, यात शंका नाही. पण दाब कमी, म्हणून प्रवाह भारी. म्हणून तार जाड आणि थोड्या थोड्या मैलांवर उपकेंद्र. अखेर मुंबईच्या सगळ्या लोकलगाड्या २५ हजार व्होल्टांवर आणाव्या लागल्या. पश्चिम रेल्वेचे ते काम २०१२ साली, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे २०१५ साली आणि हार्बरचे २०१६ साली पुरे झाले. नव्वद वर्षे मुंबईने तारेतल्या रोधाला भाडे दिले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

तिरोड्याचे औष्णिक वीजकेंद्र २०१२ ते २०१४ या काळात सुरू झाले. ६६० मेगावॉटचे पाच संच, एकूण ३३०० मेगावॉट. ही शक्ती आपल्या ओळखीच्या ४४० व्होल्टांवर बाहेर काढावयाची म्हटली तर प्रवाह ४३ लाख अँपिअर होईल. तो वाहून नेणारी तार पृथ्वीवर कोणी केलेली नाही. ७६५ हजार व्होल्टांवर तोच प्रवाह सुमारे २५०० अँपिअर भरतो. म्हणून तो तिरोड्याहून कोराडी, अकोला आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथवर जाऊ शकतो.

या तारांची घडण पाहण्यासारखी असते. त्या तांब्याच्या नाहीत. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६१ टक्के, पण वजन एक तृतीयांशाहून कमी. म्हणजे तेवढ्याच रोधाची तार वजनाने निम्मी होते आणि मनोऱ्यावरचा भार हलका होतो. पण ॲल्युमिनियम मऊ, ताणले की तुटणारे. म्हणून मध्यभागी पोलादाचे पीळ आणि भोवती ॲल्युमिनियमचे. पोलाद वाहक म्हणून वाईट, तरी मधोमध चालते. कारण उलटसुलट वाहणारा प्रवाह जाड तारेत सगळीकडे सारखा पसरत नाही, तो सालीकडे सरकतो. ॲल्युमिनियममध्ये सुमारे १२ मिलिमीटर आत गेले की त्याचा जोर पृष्ठावरच्या एक तृतीयांशाहून थोडाच अधिक उरतो. तार आणखी जाड करून म्हणून उपयोग नाही; एका जाड तारेऐवजी अनेक तारांचा जुडगा बांधतात. त्या जुडग्याचे दुसरेही काम आहे. एवढ्या दाबाखाली तारेभोवतीची हवाच वाहक होऊ पाहते. पावसाळी सांजेला त्या तारांखालून जाताना जो तडतड आवाज ऐकू येतो, तो त्याचाच. जुडग्याने तो आटोक्यात राहतो. एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला ही सालीची खोड नाही, आणि लांब पल्ल्यावरच्या आणखी काही अडचणीही नाहीत. म्हणून चंद्रपूरची वीज १९९९पासून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत तशा एकदिश प्रवाहाने, ७५२ किलोमीटर, नेतात.

आता खालच्या तारेचा हिशेब. या वरच्या लाइनला मध्येच गावासाठी फांदी काढता येत नाही. ७६५ हजारांचे पायरीपायरीने ११ हजार आणि शेवटी डीपीपाशी ४४० करावयाचे, तर एकेक पायरी म्हणजे एकेक उपकेंद्र. म्हणून वीज आधी दूर जाते आणि मग फिरून येते. डीपीपासून पुढे बारीक तार. समजा, एका फेजच्या तारेचा किलोमीटरला एक ओम रोध आहे आणि किलोमीटरभराच्या शेवटी पाच अश्वशक्तीच्या दहा मोटरी आहेत. प्रत्येकी आठ अँपिअर धरले तर प्रवाह ८० अँपिअर. म्हणजे तारेतच ८० व्होल्ट खर्ची पडले. २४०चे उरले १६०. मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे उतरतो, तेव्हा तो निम्म्याहूनही कमी होतो. ती पाणी उचलू शकत नाही, अडून बसते, अधिक प्रवाह ओढते, त्याने तारेत आणखी व्होल्ट खर्च होतात, आणि कोठे तरी वेढ्यांतून धूर निघतो. दरम्यान तीन तारांत मिळून १९ किलोवॉटांच्या वर वीज नुसती आभाळ तापवीत असते. तशाच पाच मोटरी तेवढ्यात चालल्या असत्या.

यात हंगामाची भर पडते. उन्हाळी धानाला पाणी हवे ते मार्च, एप्रिल, मे या महिन्यांत. उन्हाने आणि प्रवाहाने तापून तार ६० अंशांवर गेली की ॲल्युमिनियमचा रोध २० अंशांच्या मानाने सुमारे १६ टक्क्यांनी चढतो. म्हणजे पाण्याची गरज सर्वांत मोठी तेव्हाच तार सर्वांत कद्रू. आणि कृषिपंपांची वीज ठरल्या वेळी येते, म्हणून बहुतेकांनी मोटरीला ऑटो स्विच लावलेला असतो. वीज आली रे आली की साऱ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, आणि उठताना मोटर चालू असतानाच्या कितीतरी पट प्रवाह मागते. डीपीजवळच्या शेतकऱ्याला हे जाणवतही नाही. शेवटच्या खांबावरचा मात्र दरवर्षी मोटर भरून आणतो. दोघांचा वीजदर एकच, तार एकच.

तार जाड का लावीत नाहीत? यालाही जुने उत्तर आहे, आणि ते त्याच टॉमसनने १८८१ साली दिले. तारेत वर्षभरात जेवढ्या रुपयांची वीज जळते, ती रक्कम तारेच्या किमतीवरच्या वार्षिक खर्चाइतकी होईल तेवढी जाडी ठेवावी, हा त्याचा ठोकताळा. ठोकताळा चोख आहे. पण त्यात जळालेल्या विजेची किंमत धरली आहे. जळालेल्या मोटरीची आणि वाळलेल्या बांधीची नाही. ती शेतकऱ्याच्या वहीत पडते, वीज देणाऱ्याच्या नाही. अलीकडे निराळी वाट निघाली आहे. २०१८ साली राज्यात उच्चदाब वितरणाची योजना आली. तिच्यात ११ हजार व्होल्टांची लाइन थेट शेतापर्यंत नेऊन एकदोन पंपांना एक छोटा ट्रान्सफॉर्मर देतात. तेवढ्या अंतरात प्रवाह पंचविसाव्या हिश्शावर येतो आणि नासाडी सहाशेपटींनी घटते. खोपोलीची युक्ती बांधीच्या धुऱ्यावर यावयास शंभर वर्षे लागली. सौरपंप ज्याच्या शेतात आहे त्याने तर लांब तारेचे नावच काढून टाकले. फक्त त्याला रात्री पाणी मिळत नाही.

मॅथिसनच्या दोन वाट्यांचा सर्वांत चतुर उपयोग मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. भेसळीचा वाटा उष्णतेने बदलत नाही. तर मग भेसळ इतकी वाढवावी की उष्णतेचा वाटा तिच्यापुढे दिसेनासा व्हावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एडवर्ड वेस्टन याने ८४-८६ भाग तांबे, सुमारे १२ भाग मँगनीज आणि बाकी निकेल असा मिश्रधातू केला. त्याला मँगनीन म्हणतात. थंडीत आणि उन्हात त्याचा रोध जवळजवळ तसाच राहतो. वाहक म्हणून तो अगदी सुमार आहे, आणि नेमका म्हणूनच मापाच्या कामाचा. घरच्या भिंतीवर जो इलेक्ट्रॉनिक मीटर असतो, त्यातील पुष्कळांत प्रवाह मोजावयास या मँगनीनची एक लहानशी पट्टी बसवलेली असते. मे महिन्याच्या दुपारी खांबावरची तार आपला रोध वाढवते, पंख्याचे वेढे वाढवतात, मोटरीचे वाढवतात. पट्टी आपल्या जागी असते, आणि मीटर बरोबर फिरतो.